मोडून ठेवलेली भिंत

“बघ, कशी सांधलीय! कुणाला कळणारसुद्धा नाही,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि बाळाला भरवता भरवता सुनेचा हात थबकला...

देश सोडून आलेल्या, नाना भाषांच्या बायकांना ती निर्वासितांच्या केंद्रात मातीच्या वस्तू घडवायला शिकवायची. जे बोलवत नव्हतं, ते त्या बायका मातीत उतरवत. तिथे नियम एकच, दुसऱ्याच्या मातीला हात लावायचा नाही. एकीने आपल्या चिमुकल्या घराची भिंत स्वतःच्या मुठीने पाडली होती आणि मग पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला होता. सुनेने सुट्टीत वाळायला घरी आणलेल्या त्या घराची तीच भिंत सासूबाईंनी मायेने जोडली होती!

केंद्रात ते जोडलेलं घर पाहून ती बाई तडक निघून गेली, ती परतलीच नाही. केंद्राच्या संचालिकेपुढे सून “चूक माझीच” एवढंच म्हणाली आणि ते घर परत घेऊन आली. तिचा गट दुसऱ्या शिक्षिकेकडे सोपवायचं ठरलं, तरी घरी तिने अवाक्षर काढलं नाही. त्या वत्सल हातांना दोष द्यायला तिचं अंतःकरण धजेना...

“सोडून दे ना ते काम,” सकाळी नवरा म्हणाला. “चेहरा बघ तुझा.”

“सोडणार नाही. आधी त्या बाईची माफी मागणार.”

“कसली माफी?” दारात सासूबाई उभ्या होत्या.

मग सगळं सांगावंच लागलं.

“माझ्या चुकीवर पांघरूण कशाला घातलंस गं? मी काय काचेची आहे?” त्यांनी बाळाला कडेवर घेतलं, पायांत चपला सरकवल्या. “चल. घर घे ते.”

त्या बाईच्या दारात सासूबाईंनी मातीचं घर पुढे केलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मान खाली घातली. बाईने घर हातात घेतलं. मग तिने अंगठ्याने दाबून भिंत पाडली, आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, “गुरुवारी येते. पण शिकवायला हीच पाहिजे. मी सांगते तिथे.”

परतताना जिन्यात सासूबाई थांबल्या.

“त्या बायका तुझ्यापाशी मोकळ्या होतात. तू कुणापाशी होतेस?”

तिचा इतक्या दिवसांचा साचलेला हुंदका वर आला...

“यापुढे घरी आलीस की आधी माझ्याजवळ बसायचं. कुणाचं नाव सांगू नकोस, मला काय करायचंय? तुझं काय झालं, तेवढं सांग.”

बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली, डोळे पुसले, आणि सांगू लागली.