पट्टी धरणारा हात

सकाळी दहाला मी जखमा मोजायला बसते. इंदूरची आमची कंपनी त्वचेच्या जंतुसंसर्गावर नवं अँटिबायोटिक मलम तयार करतेय. त्याची चाचणी बेटम्याच्या केंद्रात चालू आहे, तिथून फोटो येतात. नाव नसतं, फक्त नंबर. जखमेशेजारी सेंटिमीटरची कागदी पट्टी असते, तिच्यावरून मी मापं घेते. पट्टीचं टोक दोन बोटांत धरलेलं. बाईची बोटं, मनगटावर गोंदलेले तीन हिरवे ठिपके. बाळाचं टोपडं सावरावं इतका हलका हात.

अकरा नंबर म्हणजे माझी आई, महूची गिरिजाबाई. साखरेमुळे नडगीवरचा फोड चिघळला, तीन औषधं हरली, डॉक्टर पाय कापावा लागेल म्हणाले. कर्मचाऱ्याच्या नातलगाला चाचणीत घेत नाहीत. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं. नातं मी कुणाला सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी तिची जखम निम्म्यावर आली. आनंदानं मी फोटो मोठा केला, तेव्हा तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. त्याच्या पाठीवर चंद्रकोरीसारखी ओली जखम. ही मी मोजलेली होती. चार नंबरच्या मानेवर. तो तर कधीच बरा होऊन घरी गेला.

मागचे सगळे फोटो उघडून पाहिले. पहिल्यात हात नितळ. मग एकेक रुग्ण सुधारत गेला आणि एकेक जखम हातावर आली. तीच मापं. दोनदा मोजली.

दुपारी बेटम्याला गेले. नर्स सुहासिनी चहा गाळत होती.

"सुहासिनीजी, फोटोत पट्टी कोण धरतं?"

"धरायचं काय त्यात? स्टिकर आहे, चिपकवून टाकते. माझ्या दोन्ही हातांत कॅमेरा, इथे दुसरं आहेच कोण? स्टाफ मागितला तर तुमची कंपनी कॅलेंडर पाठवते."

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. ती हसत वाकली. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"मॅडमजी, मी काढला तेव्हा हे नव्हतं."

चहा कपाबाहेर सांडत राहिला.

"बंद करा ना ते," ती म्हणाली.

कळवायला हवं होतं. कळवलं की चाचणी थांबणार, आईचं मलम थांबणार. संध्याकाळी तिला फोन केला.

"अगं धम्मा, आज चपलेत पाय गेला. चार महिन्यांनी. शेजारीण म्हणते, गिरिजाबाई, आता नाचायचंच बाकी आहे तुमचं." मग आवाज मऊ झाला. "ते मलम लावलं ना, की कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटतं बघ."

मी कळवलं नाही.

शेवटच्या फोटोत आईची नडगी कोरडी, गुलाबी होती. हातावर मोकळी जागा उरली नव्हती. हिरवे ठिपकेही झाकून गेले होते. पट्टी मात्र जराही हललेली नव्हती.

सोमवारी बारा नंबरचा पहिला फोटो आला.

हात बदलला होता.

तरुण, नितळ. अंगठ्याच्या बुडाशी कॉलेजात बर्नरनं भाजल्याचा पांढरा डाग.

मी माऊसवरचा हात उचलला आणि ओढणीखाली घेतला.

मग डाव्या हातानं माप लिहिलं. सहा पूर्णांक चार सेंटिमीटर.