वाकडा पाईप

लातूरला नवा जिल्हा आला आणि जुना पाऊस निघून गेला. दोघांची चुकामूक औशाच्या रस्त्यावर कुठंतरी झाली असावी, असं लोक म्हणायचे. नव्या कचेऱ्या मिळेल त्या जागेत थाटल्या होत्या. जमिनीतलं पाणी शोधणारी कचेरी एका बंद तेलगिरणीच्या गोदामात होती. तिथल्या फायली इतक्या तेलकट, की साहेबानं वर केलेली सही संध्याकाळपर्यंत घसरत खाली शिपायाच्या नावाशी यायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, त्या उन्हाळ्यात याहून खोट्या गोष्टी खऱ्या झाल्या.

दुष्काळ सगळ्यांच्या घरात शिरला, माणिकप्पांच्या दारात मात्र तो गिऱ्हाईक होऊन उभा राहिला. गंजगोलाईत त्यांचं पाईप, पंप अन् मोटारींचं दुकान. जिकडंतिकडं बोअर पडत होते, तेव्हा माल उतरवायला जागा पुरत नव्हती. दुपारी अप्पा जेवून आडवे झाले की गल्ल्यावर त्यांची लेक नागम्मा बसायची. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, आणि जीभ अशी की मशीन नसलं तरी नुसत्या बोलण्यानं लोखंडाला आटे पाडील.

अशाच एका दुपारी, डांबर चपलेला धरून ठेवत होतं त्या वेळी, एक उंचेला तरुण दुकानात आला. केसांत धूळ, भुवयांवर धूळ… आणि त्या धुळीत दोन डोळे, नुकतेच धुतल्यासारखे.

"पाईप हाय का, अक्का?"

"अक्का म्हणणारे भाव पाडून मागतात. किती इंची?"

"इंची…?" त्यानं दोन तळव्यांत अंतर धरून दाखवलं. "असा. एवढा."

"तुकडा विकत न्हाई आम्ही. लोखंडी का प्लास्टिक?"

"लाकडाचा."

नागम्मानं वहीतून मान वर केली.

"जरा वाकडा असला तर बरं…" तो चाचरत म्हणाला.

"मग बेंड म्हणा की!"

"न्हाई, तोंडात धरायचा."

"अय्यो! पाण्याचे इतके हाल झाले का, थेट तोंडातच लाईन घ्यायलात?"

"ओढायचा हो! तंबाखूचा! साहेब लोक ओढतात तो!"

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला, की आत अप्पांचं घोरणं थांबलं. नागम्मानं पदर तोंडावर धरला. पण डोळ्यांना पदर नसतो. ते हसतच राहिले.

तरुणाचं नाव शेषेराव. मुखेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकून भूवैज्ञानिक झालेला, तेलगिरणीच्या कचेरीत महिन्यापूर्वीच रुजू झालेला. त्याच्या आधीचे साहेब पाईप ओढायचे. ते शिवारात फिरायचे, मनात आलं की थांबायचे, पाईप पेटवायचे, आणि जिथं राख झाडतील तिथं पाणी लागायचं. एकदा म्हणे त्यांना नुसता ठसका लागला, तर कोरड्या आडात कळशी बुडाली! ते साहेब निवृत्त होऊन गेले आणि गावोगाव नुसता त्यांचा धूर उरला.

"अन् तुम्ही काय केलात?" नागम्मानं विचारलं.

"मी खरं बोललो. एका गावात सांगितलं, खाली सगळा काळा पत्थर हाय, इथं पाणी न्हाई. तर पोरांनी जीपच्या चारी चाकांची हवा सोडली. म्हणाले, आधी पाईप आणा, मग बोला."

"मग खरं कशाला बोललात?"

"येतंय तोंडात… थांबत न्हाई." शेषेराव ओशाळला. "आता बघा, आत आल्यापासून एकच म्हणायचंय मला, की तुम्ही हसता ते लई… जाऊ द्या."

नागम्मानं वही उघडली, ती उलटी आहे हे न बघता.

हैदराबादहून माल आणणाऱ्या ट्रकवाल्याला तिनं मागणीच्या यादीत शेवटी लिहून दिलं: 'पाईप, वाकडा, ओढायचा, नग एक. सोबत तंबाखू.' आठव्या दिवशी वीस फुटी पाईपांच्या ढिगातून कागदात गुंडाळलेला तो नग निघाला. काळसर लाकडाचा, मुठीत मावेल एवढा. जणू लोखंडाच्या घरात लाकडाचं तान्हं जन्मलं होतं.

"ओढायचा कसा, ते ठाऊक हाय?" तिनं विचारलं.

"न्हाई. तुम्हाला?"

"मला कसं असंल? पण चूल रोज पेटवते. आग ती आगच."

दुकानाच्या मागं, पंपांच्या खोक्यांवर बसून शिकवणी सुरू झाली. शेषेरावनं पहिल्याच दिवशी पोत्यात कापूस कोंबावा तशी तंबाखू कोंबली. ओढून ओढून गाल आत गेले, डोळे बाहेर आले, धूर काही येईना.

"वारा जायला जागा ठेवलात का? चुलीत लाकडं अशी कोंबतात?" ती म्हणाली. "तळाला सैल. वर जरा दाबून. काढा सगळं."

दुसऱ्या दिवशी त्यानं भराभर झुरके मारले, धूर थेट छातीत ओढला. मग जो खोकला सुटला, त्यानं वर टांगलेली एल्बोंची, वाकड्या पाईपजोडांची माळ खणखणली. चेहरा कच्च्या कैरीच्या रंगाचा झाला, जीभ भाजली आणि नळीतला तपकिरी, कडूजहर रस घशात उतरला. नागम्मानं तांब्याभर पाणी पुढं केलं. त्या महिन्यात लातुरात तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. तो अर्ध्यावर थांबला.

"प्या की सगळं," ती हळूच म्हणाली. "माझ्या वाटचं हाय."

त्यानं तांब्या खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराचं होतं, अन् नव्हतंही.

"नागम्मा, मी तुमच्याशी लगीन करणार."

"खोकून घ्या आधी!"

"झालं खोकून. करणार म्हंजे करणार. तुमच्या गळ्यात लिंग, आमच्या घरी तुळशीच्या माळा… दोन्हीकडचे लोक चाकाची हवा सोडतील. सोडू द्यात. मी चालत येईन."

तिचा हात त्याच्या हातातल्या पाईपकडं गेला, आणि तिनं विझलेली राख काडीच्या टोकानं हलकेच दाबली.

"राख झाडायची न्हाई लगेच," ती म्हणाली. आवाज जरा कापत होता. "पहिली काडी नुसती वरचं धरायला. मग दाबायचं. मग दुसरी काडी. अन् घाई करायची न्हाई. इंगळ राखंखाली राहतंय, ओढायचं ते अलगद… निजलेल्या लेकराला कळू नये असं."

महिन्याभरात शेषेराव शिकला. इतका छान शिकला, की नागम्माला स्वतःचाच अभिमान वाटला.

मग तो औशाकडच्या एका गावात गेला. धोंडप्पा सरपंच सगळं गाव घेऊन समोर उभे. "सांगा साहेब, हाय का पाणी?" शेषेरावच्या जिभेवर खरं आलंच होतं: तीन जागा वाईट, एक बरी, तीही खात्रीची नाही. पण त्यानं पाईप भरला. पेटवला. दाबला. पुन्हा पेटवला. तोवर गावाचा श्वास थांबला होता. त्यानं नुसतं बोटानं दाखवलं. दोनशे फुटांवर पाणी लागलं.

झालं! 'पाईपवाले साहेब' म्हणून जिल्हाभर नाव झालं. धूर ज्या अंगाला वळतो त्या अंगाला झरा, असं लोक शपथेवर सांगू लागले. देवणीत तर म्हणे एक बैल त्या धुरामागं चालत गेला आणि जिथं बसला तिथं ओल लागली. जिथं पाणी लागत नसे, तिथंही आता हवा सोडणं बंद झालं. साहेब बोललेच नव्हते, तर खोटे कुठून ठरणार?

तो दुकानात अजून यायचा. खोक्यावर बसायचा. तंबाखूचा गोडसर वास लोखंडाच्या वासात मिसळायचा, आणि तो वास आला की नागम्माचा हात वेणीकडं जायचा. पण हळूहळू तिच्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली.

"आईला सांगितलंत का आपलं?"

त्यानं पाईप भरला.

"मी विचारायले…"

पहिली काडी. दाबणं. दुसरी काडी. मग धूर, आणि धुरातून एकच शब्द, "बघू."

पूर्वीचा शेषेराव विचारायच्या आधीच उत्तर द्यायचा, तेही नको ते. त्या नको त्यावरच तर ती भुलली होती! आता समोर एक मोठा, शांत, रुबाबदार माणूस बसलेला असायचा. असा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. आणि तो तिनंच घडवला होता, स्वतःच्या हातानं, चुलीचे दाखले देऊन देऊन.

"उदगीरचं स्थळ आलंय," एक दिवस ती म्हणाली. "अप्पा शनवारी उत्तर देणारेत."

तो तिच्याकडं बघत राहिला. ओठ हलले. मग दातांत नळी गेली आणि ओठ मिटले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, देवपूजा आटोपून अप्पा उठले तेव्हा, नागम्मानं त्यांना सगळं सांगून टाकलं. माणिकप्पा बराच वेळ कपाळावरची विभूती चोळत बसले. मग म्हणाले, "शुक्रवारी आपल्या शेतात बोअर हाय. साहेब येणारेत. मीच विचारतो."

शुक्रवारी औसा रस्त्यावरच्या शेतात मशीन धडधडत होतं. जमिनीतून राखाडी भुकटी उडत होती. माणसं, बैल, बाभळी, सगळे पीठगिरणीतून निघाल्यासारखे. माणिकप्पांनी शेषेरावला बाजूला घेतलं. नागम्मा चार पावलांवर उभी होती.

"साहेब," अप्पा म्हणाले, "पोरीनं सांगितलंय मला. आमच्यात बाहेर लेक देत न्हाईत. उद्या भावकी माझ्या उंबऱ्यात पाणी पिणार न्हाई. ते मी बघून घेतो. तुमच्या घरच्यांच्या पाया पडायचं झालं तर तेबी पडतो." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. माणिकप्पांनी टोपी देवासमोर काढल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. "तुम्ही फकस्त हाव म्हणा."

नागम्मानं डोळे मिटले. म्हण. तसंच, खोकताना म्हणालास तसं म्हण.

डोळे उघडले तेव्हा तो पाईप भरत होता.

तळाला सैल. वर जरा दाबून. वाऱ्यानं पहिली काडी विझली. त्यानं दुसरी ओढली, तिच्याभोवती तळव्याचा आडोसा केला. वरचं धरलं. दाबलं. एकही चूक नव्हती. अप्पांच्या टकलावर भुकटी बसत होती आणि टोपी हातातच होती. मागं एकदम गलका उठला. भुकटीचा चिखल झाला, आणि पाण्याचा फवारा बाभळीच्या वर गेला. माणसं ओरडत धावली, कुणी अंग भिजवलं, कुणी नाचलं. अप्पांनी मागं वळून बघितलं नाही. ते शेषेरावच्या तोंडाकडं बघत होते.

शेषेरावनं अलगद धूर सोडला.

"बघू, अप्पा," तो म्हणाला. "आईच्या कानावर घालतो… मग बघू."

माणिकप्पांनी टोपी झटकली आणि घातली.

"चला अप्पा," नागम्मा म्हणाली.

पुढच्या बुधवारी भर उन्हात शेषेराव दुकानात आला. हातात काही नव्हतं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, भुवयांवर पुन्हा ती पहिली धूळ. आतून बायकांचे आवाज येत होते. नागम्मा बाहेर आली. तिच्या डाव्या हातात मनगटापासून वरपर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा होता.

"हाव!" तो ओरडलाच. "हाव, नागम्मा! मला तवाच म्हणायचं होतं. भेलो मी. तोंडात ते असलं की वाटतं, आपण बोलायची गरजच न्हाई… टाकून दिलं मी ते, मांजरा नदीच्या पात्रात फेकलं. आई रडली, रडू दे! मी रात्रभर हावच म्हणायलो…"

तो बोलत होता. बोलत बोलत रडला, रडत रडत हसला. तिच्या हसण्याबद्दल बोलला, त्या तांब्याबद्दल बोलला, मुखेडच्या घरापुढच्या लिंबाबद्दल बोलला, जिथं तो तिची खाट टाकणार होता. नागम्मानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. इतके महिने जे ऐकायला ती बसून होती, ते आता आलंच होतं तर एक शब्दही वाया का घालवायचा? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"लई छान बोलता तुम्ही."

"मग?"

"मग काय… भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईकबी अप्पांना उभं ठेवत न्हाई. अप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. तुमच्या दोन काड्या होईपर्यंत. मी मोजल्यात." तिचा आवाज आता कापत नव्हता. "मला थांबवलं असतंत, तर मी थांबले असते. पण त्यांना थांबवलात."

"नागम्मा…"

"जावा. ऊन लई हाय, कडेकडेनं जावा."

ती आत आली. कासारीण चांगुणा पेटी मांडून बसली होती, भोवती बायका. नागम्मानं खाली बसून उजवा हात पुढं केला.

"कोण गं एवढं बोलायलं होतं?" चांगुणानं बोटं दाबत विचारलं.



पहिली बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. चांगुणानं वर बघितलं.

"मूठ सोड पोरी," ती म्हणाली. "अशी आवळून धरलीस तर फुटंल अन् तुलाच लागंल."

नागम्मानं मूठ सोडली.