कापसाची सीट

माणिकरावांनी आपल्या बायकोला निर्मलच्या घाटात पाडलं.

ती वारल्यानंतर काही महिन्यांनी.

...नाही. असं काही झालेलंच नाही. वरच्या दोन ओळी वाचल्या असतील तर सोडून द्या. कोणी विचारलं तर सांगा, माणिकरावांची गाडी घाटात पंक्चर झाली होती. घरच्यांनीही तेच सांगायचं ठरवलंय.

पण घटना खरी आहे. माणिकराव आमच्या नात्यातले. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या बेला मंडलातल्या एका गावात त्यांची कापसाची अन् वांग्याची शेती. दारू नाही, तंबाखू नाही, भुताखेतांवर विश्वास तर अजिबात नाही. महिना माघ, वार सोमवार. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुत्री रडत नव्हती, ती ऊन खात पडली होती. भुताच्या गोष्टीला शोभेल असं त्या सकाळी काहीच नव्हतं.

फक्त गाडीची मागची सीट होती.

ती सीट का करावी लागली, ते आधी सांगायला पाहिजे.

माणिकरावांची मुलगी सुवर्णा बासरला दिलेली. श्रावणात तिला मुलगी झाली. नाव चंचल. बाळंतपण अवघड गेलं, डॉक्टर म्हणाले प्रवास नको, म्हणून सुवर्णा माहेरी आलीच नाही. म्हणजे नात बघायची तर आजीनं जायचं. चांगलं दीडशे किलोमीटर.

आणि आजीला, म्हणजे कौशल्याबाईंना, गाडी लागायची. बस लागायची, जीप लागायची. रेल्वे तर आदिलाबाद स्टेशनात नुसती उभी असतानाच लागली होती. तोंडावर वारा असला तरच त्यांचं पोट जागेवर राहायचं.

उरली मोटरसायकल.

मोटरसायकलवर पोट राहायचं, पण कंबर जायची. दोनदा निघाले, दोनदा वाटेतल्या गुडीहत्नूरहून परत आले.

"हे सीट हाय का पाटा?" कौशल्याबाई रस्त्याच्या कडेला कंबर धरून म्हणाल्या.

"कंपनीनं देल्ली हाय."

"मंग कंपनीवाल्याच्या बायकोला बसवा अन् आणा एक डाव बासर दाखवून."

तेव्हापासून माणिकराव सीटच्या मागे लागले. लाकडी मण्यांचं आसन आणलं. कौशल्याबाई म्हणाल्या, आता पाट्यावर वाटाणे बी टाकले. जेल भरलेली गादी आणली, ती उन्हात इतकी तापली की तिच्यावर भाकर झाली असती. स्कूटरच्या ट्यूबमध्ये हवा भरून वरून कापड शिवलं. ती भर बाजारात फुटली. कौशल्याबाईंना वाटलं टायर फुटला, बाजाराला वाटलं कौशल्याबाई फुटल्या. लग्नाच्या मंडपवाल्याकडून नवरदेवाच्या खुर्चीची गादी आणली. त्यावर त्या एवढ्या उंच बसल्या की गाव त्यांना नमस्कार करायला लागलं.

"आता डोकं लागून राह्यलं तारेला," त्या म्हणाल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "अवो, नातीला फोटोतच मोठी करता काय?"

"नेतो म्हणलं ना. चांगली सीट भेटू दे, एका दमात नेतो."

त्या दोघांची गाडीवर बोलायची एक रीत होती. वाऱ्यात काही ऐकू यायचं नाही. कौशल्याबाई एका बाजूला पाय सोडून बसायच्या, आणि अशी बसलेली बाई डुलकी लागली की सरळ खाली जाते. म्हणून माणिकराव मधूनमधून ओरडायचे, "झोपली का वं?"

खांद्यावर एक थाप पडायची.

म्हणजे, जागी हाय.

तसं त्या सीटवर झोप लागणं शक्यच नव्हतं. कंबर झोपू द्यायची नाही.

दिवाळीच्या तोंडावर, कापूस वेचणी चालू असताना, एका दुपारी कौशल्याबाई शेतातून लवकर आल्या. कंबर दुखून राह्यली म्हणाल्या. गादीवर पडल्या.

उठल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. कंबरेचं कोणी नावच काढलं नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत. शिवेवर नेऊन टाकतात. तशी ती टाकली. पण दुसऱ्या दिवशी भर उन्हात माणिकराव शिवेवर गेले, गादी उसवली, आणि आतला कापूस पोत्यात भरून घेऊन आले.

त्यांची बहीण मनकर्णाआक्का दारातच आडवी आली. "येडा झाला काय रे? मेल्या माणसाच्या गादीचा कापूस घरात आणते का कोणी?"

"घरात कुठं आणून राह्यलो? गाडीवर हाय."

"फेकून दे तो!"

"आक्का, त्या कापसाचं बोंडन् बोंड तिनं वेचलं हाय. उन्हात. कंबरेत वाकून." माणिकराव पोतं खाली ठेवायला तयार नव्हते. "कापूस कसा फेकू?"

आक्का दारातून बाजूला झाली. ज्या घरानं जन्मभर कापूस पिकवला, त्या घरात सगळं फेकता येतं. कापूस नाही.

तो कापूस घेऊन ते आदिलाबादला चंपतकडे गेले. चंपत गाड्यांच्या सीटा शिवतो. त्यानं पोत्यात हात घालून पाहिलं.

"मामा, फोमचा जमाना हाय. कापसाची सीट पावसात पाणी पिऊन बसंन."

"पावसाळ्याला टाइम हाय."

"पण बसणार कोण मांगं?"

माणिकरावांनी पोतं त्याच्या पुढ्यात सरकवलं. चंपतनं ते उचललं. त्यानं कापूस पिंजून आणला, थर लावले, आडवे-उभे टाके घातले, वरून काळं रेक्झिन ओढलं. झाल्यावर स्वतः बसून पाहिलं.

बसला... आणि लगेच उठला.

"मामा, हे गरम हाय."

"उन्हात ठेवली असंन."

"नाई मामा." चंपत सीटकडे बघत होता. "सकाळपासून सावलीतच हाय."

माघातल्या त्या सोमवारी माणिकराव नात बघायला एकटेच निघाले. अंगणात गाडी स्टँडवरून काढली. पाय टाकून बसले. किक मारणार...

तेवढ्यात गाडी मागून खाली बसली.

हळूच. एका बाजूनं. जसं कोणी पदर आवरून बसावं, तशी.

माणिकरावांनी मागं पाहिलं नाही. शॉकअपचं तेल गेलं असेल, असं मनाशी म्हणाले. मनाला पटलं नाही, पण मनाला विचारतो कोण. निघाले.

जैनथच्या पुढे रस्ता मोकळा लागला. थंडी होती. कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या दोन्ही बाजूंनी मागे पळत होत्या. आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं...

"झोपली का वं?"

वारा.

नुसता वारा.

आणि मग...

खांद्यावर एक थाप.

गाडी जराशी डगमगली. बस्स, तेवढीच. माणूस घाबरला की ओरडतो, पळतो. माणिकरावांनी काय केलं? गाडीचा वेग कमी केला. पुढे खड्डा होता, आणि तिला खड्डा सोसत नसे.

गुडीहत्नूर आलं. इथंच त्यांनी दोन्ही वेळा थांबवलं होतं. माणिकराव वाट बघत राहिले. थांबायचं कोणी म्हटलंच नाही. गुडीहत्नूर मागे पडलं.

"कंबर?"

दोन थापा. ही खूण त्यांच्यात कधीच नव्हती. पण त्यांना कळली.

नाई दुखत.

माणिकराव हसले. मग बोलत सुटले. इचोड्यापर्यंत बोलले, नेरडीगोंड्यापर्यंत बोलले. कापसाला काय भाव लागला, मनकर्णाआक्का कशी भांडली, चंचलला दोन दात आले, सुवर्णाचं दूध कमी पडते. मध्ये मध्ये विचारायचे, झोपली का वं? थाप यायची. प्रत्येक वेळी जरा उशिरा. प्रत्येक वेळी जरा हलकी.

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी साग. इथं धुकं अजून उठलं नव्हतं.

"झोपली का वं?"

...

"कौशल्ये?"

थाप आली नाही.

त्याऐवजी पाठीवर काहीतरी टेकलं. दोन खांद्यांच्या मधोमध. जड. उबदार. आणि शर्टाला बारीक, सावकाश श्वास लागायला लागला.

कौशल्याबाईंना झोप लागली होती.

आता माणिकरावांनी काय करायला पाहिजे होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही, आणि त्यांना तर सगळ्यांत जास्त. गाडी थांबवायची. खांदा हलवायचा. उठ म्हणायचं.

पण इतक्या वर्षांत त्या मोटरसायकलवर पहिल्यांदाच झोपल्या होत्या. काही दुखत नव्हतं म्हणून झोपल्या होत्या. कोणत्या तोंडानं उठवायचं?

झोपू दे जराशी, असं म्हणाले ते. गाडी अगदी हळू केली. श्वाससुद्धा हळू घेत होते, पाठ हलू नये म्हणून.

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

तिसऱ्या वळणावर गाडी मागून वर आली.

आवाज झाला नाही. किंकाळी नाही. पडल्याचा धप्प आवाजसुद्धा नाही. फक्त गाडी हलकी झाली, आणि पाठीवर थंड वारा लागला.

माणिकराव गाडी तिथंच टाकून मागे पळाले. रस्ता रिकामा. कडेची झुडपं जशीच्या तशी. एक माकड कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होतं. ते उतारावर उतरले, पाला हातानं बाजूला केला, हाका मारल्या. घाटानं प्रत्येक हाक परत केली.

वर वळणाजवळ बाबारावांची चहाची टपरी आहे. माणिकराव धापा टाकत तिथं आले.

"इथं कोणी बाई पडलेली दिसली काय?"

"कवा पडली?"

"आताच."

"लय लागलं काय?"

"लागणार नाई. ती वारली हाय."

"आता पडून?" बाबाराव ताडकन उठले.

"नाई नाई. दिवाळीच्या अगुदर. घरीच."

बाबारावांनी थोडा विचार केला. पुन्हा खाली बसले. "मंग दवाखान्याची घाई नाई. चहा घ्या."

पण चहा ओतता ओतता त्यांनी माणिकरावांचा चेहरा पाहिला असावा. कारण त्यांनी पातेलं खाली ठेवलं, चपला घातल्या आणि शोधायला बरोबर आले. दोन म्हातारी माणसं घाटात झुडपं धुंडाळत होती. हसायला कोणी नव्हतं.

"लुगडं कोणत्या रंगाचं होतं?" बाबारावांनी खालून ओरडून विचारलं.

माणिकराव उभेच राहिले.

अंगणापासून घाटापर्यंत ते एकदाही वळले नव्हते. वळून पाहिलं की कोणी नसंन, ही भीती होती. आता रंगही ठाऊक नव्हता.

धुकं उठलं, ऊन आलं, रस्त्यावर ट्रक वाढले. काही सापडलं नाही. बाबारावांनी त्यांना बळंच गाडीवर बसवून दिलं.

दुपारी ते बासरला पोचले. सुवर्णानं दार उघडलं. ते सरळ आत जाऊन पाळण्यापाशी बसले. सुवर्णा पाणी घेऊन मागून आली...

आणि तिथंच थांबली.

"बाबा... तुमच्या पाठीवर काय हाय?"

शर्टावर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक ओला डाग होता. लहानसा. गोल. घामाचा म्हणावा तर बाकी शर्ट कोरडा होता.

सुवर्णानं बोट लावून पाहिलं. तिची आई झोपली की तोंड उघडं टाकायची. उशी रोज ओली व्हायची. लहानपणी सुवर्णा त्यावरून चिडवायची तिला.

तिनं बापाचा शर्ट काढून घेतला आणि पाळण्याच्या दांडीला अडकवला. चंचल रडत होती, ती गप्प झाली. शर्टाकडे बघून हसली की पंख्याकडे, ते सांगता येत नाही. दोन्ही एकाच दिशेला होते.

डाग संध्याकाळपर्यंत वाळला.

परत आल्यावर माणिकरावांनी कापसाची सीट काढून ठेवली आणि कंपनीची जुनी, कडक सीट बसवली. तेव्हापासून ते दर सोमवारी घाटात जातात. वळणावर गाडी उभी करतात, इंजिन बंद करतात आणि वाट बघतात. बाबाराव चहा आणून देतात. गाडी मागून खाली बसत नाही.

काढलेली सीट घरात खुंटीवर टांगली आहे. मनकर्णाआक्का तिला हात लावत नाही. मी मागच्या महिन्यात लावला. पुरत्या अंधाऱ्या खोलीत होती.

गरम होती.

माणिकरावांचे गुडघे आता दुखतात. दर सोमवार जमेल असं नाही. म्हणून त्यांनी रस्त्याच्या कचेरीत एक अर्ज दिला आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि यात मागणी नेमकी काय, असं विचारलं. अर्जात ती स्पष्ट आहे :

"विषय : घाटातील तिसऱ्या वळणावर सूचनाफलक लावण्याबाबत. महोदय, बासरकडे जाणाऱ्या व मागची सीट रिकामी असलेल्या सर्व दुचाकीस्वारांनी सदर वळणावर थोडा वेळ थांबावे. मागे वजन आल्यास सावकाश निघावे. वाटेत बोलत राहावे व बासर येथे अर्जदाराच्या मुलीच्या दारात उतरवून द्यावे, अशा आशयाचा फलक मराठी, तेलुगू व उर्दू भाषांत लावण्यात यावा. सदर बाई परक्या माणसाच्या गाडीवर बसत नाहीत. तरी फलकाच्या खाली मोठ्या अक्षरांत 'बस, मी सांगितलं हाय' एवढी ओळ अर्जदाराच्या नावानिशी टाकून मिळावी, ही नम्र विनंती."