पाहुण्याचा गुरुवार

वैष्णवीने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि तो आटगावच्या घरातल्या फ्रिजवर चिकटवला. ‘सोमवार आणि गुरुवार. दोन गांडुळं. जास्त नाही.’ शेवटच्या दोन शब्दांखाली तिने दोन रेघा ओढल्या, कारण आपल्या आईला ती पुरती ओळखून होती.

तिला नाशिकच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, पण तिथल्या घरमालकाला जनावर चालेना. म्हणून तिचा ॲक्सोलॉटल आईकडे, देवकीकडे राहिला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, जन्मभर पाण्यात राहणारा, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा, मानेभोवती पिसांसारखे कल्ले आणि तोंड सदा हसरं. देवकीने त्याचं नाव ‘पावणा’ ठेवलं आणि सगळा घोळ तिथूनच झाला. त्या घरात पाहुण्याला उपाशी ठेवून कुणी ताटावर बसत नसे. देवकी जेवायला बसण्याआधी काचेच्या टाकीत दोन गांडुळं सोडायची. दुपारी दोन, रात्री दोन.

महिन्याभराने वैष्णवी आली तेव्हा पाहुणा फुगून पाण्यावर तरंगत होता.

“आई, मारशील त्याला! पोट डोक्याएवढं रुंद झालं की थांबायचं, सांगितलं होतं ना?”

“मी जेवू नि तो बघत बसंल? घास उतरत नाय गो.”

“त्याला रोज भूकच लागत नाही.”

देवकीला हे काही पटलं नाही. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिने पाहिलं आणि तिथल्या तिथे शब्द दिला. सोमवार आणि गुरुवार, ना कमी ना जास्त.

दहा दिवसांच्या उपासाने पाहुणा तगला. वैष्णवीने शहापूरला बदलीसाठी अर्ज केला. वडील गेल्यापासून आई एकटी होती. आपण परत येईपर्यंत ही दोघं धड राहावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

फेब्रुवारीत भाताची शेतं कडक झाली. शेणखताच्या खड्ड्यातली गांडुळंही खोल गेली.

“मी दुकानातलं खाणं पाठवते,” वैष्णवी फोनवर म्हणाली.

“पावण्याला विकतचं घालू? घरचंच बरं. मी बघते.”

मार्चमध्ये ती आली तेव्हा पाहुणा टवटवीत होता. पोट डोक्याच्या मापाचं, कल्ले लालचुटूक, टाकीभोवती ओलं गोणपाट, पाणी गार. देवकीही खुशीत होती. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं आणि गुडघ्याची कुरकुर थांबली होती. वैष्णवीला किती बरं वाटलं. दोघींनी अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलल्या आणि पोट दुखेपर्यंत हसल्या.

निघताना देवकीने नेहमीसारखे लेकीच्या गालांवरून हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.

बस कसाऱ्याचा घाट चढू लागली तेव्हा वैष्णवीला काहीतरी खटकलं. देवकीच्या उजव्या करंगळीचं पेर लग्नाच्या वर्षीच भात कापताना विळ्याने गेलं होतं. ते थोटं बोट मुठीत धरल्याशिवाय लहानपणी वैष्णवीला झोप येत नसे. आज मात्र गालाला दोन्ही बाजूंनी सारखाच स्पर्श झाला होता.

भास असेल, असं तिने ठरवलं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणाऱ्या माणसाने असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

तरी व्हिडिओ कॉलवर तिने हात दाखवायला सांगितलं.

“हात काय बघतंस? पावण्याला बघ,” म्हणत देवकीने फोन टाकीकडे वळवला.

एप्रिलात बदली मंजूर झाली. आईला चकित करायचं म्हणून न कळवताच ती सामान घेऊन आली. सोमवार होता, भर दुपार. आता रोज आईच्या हातचं जेवायचं, या विचाराने तिचं मन भरून आलं होतं.

पडवीत गांडुळांचा डबा होता. माती सुकून तिला भेगा पडल्या होत्या. झाकणावर कोळ्याचं जाळं होतं.

कागद अजून फ्रिजवरच होता. पाण्याचे शिंतोडे उडून अक्षरं फिकी झाली होती.

देवकी टाकीशी बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात.

“आई?”

“आलीस गो!” देवकीचा चेहरा फुलला. तिने हात बाहेर काढला आणि पदराला पुसला.

वैष्णवीने तो हात धरला.

करंगळी पुरी होती. टोकाला फिकट गुलाबी, मऊ, बिननखाची.

तिच्या शेजारच्या बोटाचं टोक मात्र नव्हतं. रक्त नव्हतं, जखम नव्हती. तिथे नुसती गुळगुळीत, गार कातडी.

पाण्यात पाहुण्याने मान किंचित उचलून काहीतरी गिळलं.

“गुरुवारपर्यंत येतंय परत,” देवकी समजावत म्हणाली. “घाबरू नको. तू लिवलंस तसंच करते मी. जास्त नाय.”

देवकीने चुलीवरचा भात उतरवला आणि दोन ताटं घेतली. कित्येक दिवसांनी त्या घरात दोन ताटं मांडली जात होती. तिने लेकीला जवळ बसवून घेतलं, तिचा हात मांडीवर ओढला आणि एकेक बोट प्रेमाने चेपत राहिली.

“एकटीचा जीव कातावला होता गो,” ती म्हणाली. “आता बरं झालं. सोमवार माझा, गुरुवार तुझा.”