केबिनमधली झोप

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. माझं गॅरेज तेव्हा विरारला, मनवेलपाड्याच्या रस्त्यावर होतं. एका सकाळी वटारचा लुईस आला. "सदामिस्त्री, आमचा ट्रक सुरू करून द्या," म्हणाला. "नाताळाआधी केळी मुंबईला न्यायचीत." दुपारी जेवलो, हत्यारांची पेटी स्कूटरला बांधली आणि निघालो.

ट्रक केळीच्या वाडीत, विहिरीजवळ उभा होता. जुना, नाक पुढे आलेला. चाकांवर वेली चढल्या होत्या. बॅटरी काढून घरात ठेवलेली, टाकी कोरडी.

बॉनेट उघडलं आणि दुखणं लगेच दिसलं. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारं लोखंडी नळकांडं असतं, मॅनिफोल्ड म्हणतात त्याला. त्याचे दोन बोल्ट तुटलेले. फटीभोवती काजळी धरली होती.

"हा असाच चालवत होता कोण?" मी विचारलं.

लुईसने त्या काजळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "व्हिन्सेंट. माझा मोठा भाऊ. गेल्या वर्षी जकात नाक्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपला. सगळा धूर आत... सकाळी मागच्या ट्रकवाल्याने दार ठोठावलं, तेव्हा कळलं."

मी पेटी उघडली. मनात म्हटलं, मग हे काम नीटच व्हायला हवं.

पहिल्या बोल्टचं टोक थोडं बाहेर होतं. गॅसने तापवलं, डिझेल सोडलं, पक्कडीत धरून हळूहळू फिरवलं. निघाला. दुसरा मात्र आतच मोडला होता, अगदी सपाट. असा बोल्ट काढायचा तर त्याच्या मधोमध भोक पाडावं लागतं आणि उलट्या आट्यांचा टॅप घालून तो बाहेर ओढावा लागतो. हात जरा हलला की इंजिनचं हेड वाया. घरातून वायर ओढून मी ड्रिल लावलं.

"तोवर केबिन पुसून घेतो," म्हणत लुईस वर चढला. दार लावल्याचा आवाज आला.

ऊन उतरलं होतं. केळीच्या पानांखाली आधीच अंधारल्यासारखं झालं होतं. ड्रिल सावकाश आत जात होतं आणि मधेच त्याचा जोर गेला, जणू पुढे पोकळी लागली. मी ते बाहेर काढलं. त्या बारीक भोकातून धुराची एक फुंकर आली. तेल जळलं असेल, असं वाटलं. मग दुसरी आली. मग तिसरी.

त्या बोल्टच्या मागे नुसतं भरीव ओतीव लोखंड असतं. तिथून काही यायला वाटच नाही. मी भोकापुढे बोट धरलं. ऊन, ओलसर हवा लागली. थांबली. पुन्हा लागली.

तेवढ्यात केबिनमधून घोरणं ऐकू आलं. जड, खोल. लुईसला एवढ्यात झोप लागली, म्हणून मी हसणार होतो. पण हसू ओठांवरच राहिलं. घोरण्याचा श्वास बाहेर पडला की भोकातून धूर यायचा. श्वास आत गेला की थांबायचा. दोन्ही एकाच लयीत. आणि ती लय हळूहळू मंद होत चालली होती.

"लुईस..."

घोरणं आणखी मंद झालं.

मी धावत दाराशी गेलो. काच आतून काळी झाली होती. दाराचा खटका दाबला, ओढला, पाय लावून ओढला. दार हलेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं, म्हणजे मी ओढलं की तिकडूनही ओढ बसायची. डिझेलच्या धुराचा वास नाकात भरला. माझंच डोकं जड झालं, पापण्या मिटायला लागल्या. मी ओरडलो की नाही, तेही आठवत नाही.

घरातून व्हिन्सेंटची बायको क्लेमेंटीन आली. पळत नव्हती. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांच्या घरच्या बोलीत हळू आवाजात काही बोलली. मला त्यातलं 'व्हिन्सेंट' तेवढं कळलं. मग ती रडवेली होऊन मराठीत म्हणाली, "सोड रे त्याला... तुझा भाऊ आहे तो."

खटका आपोआप वर आला.

लुईस सीटच्या मधोमध बसला होता, मान छातीवर. चेहरा लालबुंद. त्याला मी खांद्यावर टाकून खाली उतरवलं. शेजाऱ्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि ते माझ्यावरच डाफरले. "इंजिन चालू ठेवून झोपू दिलंत?"

"इंजिनला बॅटरीच नाही, डॉक्टर," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ऑक्सिजनचा नळ आणखी उघडला.

बाहेर बाकड्यावर क्लेमेंटीन बसली होती. "मिस्त्री, आमच्या ह्यांना एकट्याने जायला आवडायचं नाही," ती म्हणाली. "लांबच्या फेरीला कुणीतरी सोबत लागायचंच. त्या दिवशी लुईसला ताप होता, म्हणून एकटे गेले." नाताळ व्हायच्या आत तिने तो ट्रक भंगारात दिला. तुटका बोल्ट होता तिथेच राहिला.

पण त्याआधी, दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी लुईसला बघायला गेलो. तो शुद्धीवर होता, पण खिडकीकडेच बघत होता. मी पलंगाशी बसलो.

"तू मधे का बसला होतास?" मी विचारलं. "दोन्ही बाजूंना जागा होती की."

"कुठे होती?" तो म्हणाला. "स्टिअरिंगवर तो होता. मी दाराकडे बसलो होतो. तुम्ही दार ओढायला लागलात, तेव्हा त्याने कोपराने मला ढोसलं."

"आणि?"

लुईसने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"म्हणाला, जरा सरक... मिस्त्रीपण येतायत."