दाजींचा जुना रस्ता

चिआंगमाईच्या इस्पितळातून दाजींना डोंगरापलीकडे नान शहराजवळच्या आमच्या गावी न्यायचं होतं. काम साधं होतं आणि दाजी शवपेटीत असल्यामुळे कुणाला घाईही नव्हती.

पेटीशी उदबत्ती धरून मी बसायचं ठरलं. प्रत्येक पुलाला, प्रत्येक वळणाला हाक द्यायची, नाहीतर गेलेला माणूस तिथंच मागे राहतो. तो हाकेच्या आवाजामागून येतो, म्हणून दारात पोचल्यावर सांगायचं, ‘हे घर. आता इथंच थांबा.’

माझी बहीण सायफिन अडून बसली होती. “नव्या रस्त्यानं नाही न्यायचं. जन्मभर जुन्या घाटात ट्रक चालवलाय त्यांनी. बोगद्यात हरवतील.”

“ताई, बोगद्यात वळणच नसतं. हरवतील कुठं?”

“भूमी कार्यालयात बसून सरळ कपाटातल्या फायली हरवल्यास तू. मला नको शिकवूस.”

म्हणून भाच्यानं, थानेतनं, घरच्या संगणकावर जुना घाटरस्ता आखला आणि गाडीतल्या जीपीएसमध्ये घातला. यंत्रानं त्यातलं निघायचं आणि पोचायचं ठिकाण तेवढं घेतलं, मधे स्वतःचा बोगदा घातला. आमच्या कार्यालयाची रीतही हीच होती.

“मामा, याला जवळजवळ खुणा द्याव्या लागतात,” थानेत म्हणाला. “आणि आपणहून नवा रस्ता शोधायची याची खोड बंद करावी लागते.” त्यानं पुलापुलावर, वळणावळणावर खूण ठेवली. मग ते मुकाट्यानं ऐकू लागलं.

दुपार कलली तसं घाटात धुकं उतरलं. यंत्रातली बाई वळण सांगे, मी तेच दाजींना सांगे. “दाजी, पूल आला.” “दाजी, उजवीकडे.” उदबत्तीच्या धुरानं गुंगी येत होती.

“डावीकडे वळा,” बाई म्हणाली.

“दाजी, डावीकडे,” मी म्हणालो.

थानेतनं गाडी सरळच नेली.

“का वळला नाहीस?”

“कुठं वळू मामा? डावीकडे नुसता बांबू आहे. इथं मी खूणच ठेवली नव्हती...”

माझ्या हातातली उदबत्ती विझली होती. पुढं बसलेली ताई वळून न बघता हळूच म्हणाली, “धरण व्हायच्या आधी रस्ता इथूनच जायचा. खाली... आता पाण्यात आहे.”

थानेतनं गाडी थांबवली. मी बांबूकडे तोंड करून हाका दिल्या. उत्तर अर्थातच आलं नाही. पण आम्ही पुढं निघालो तेव्हा पडद्यावरचा बाण आमच्याबरोबर आला नाही. तो बांबूपाशी थांबला, मग अगदी सावकाश डावीकडे, निळ्या पाण्यात शिरला.

“राहू दे,” ताई म्हणाली. “त्यांना तो रस्ता पाठ आहे.”

गावी पोचलो. पेटी दारातून आत नेताना मी रीतीप्रमाणे म्हणालो, “हे घर. आता इथंच थांबा.” थानेतनं माझ्याकडे पाहिलं. यंत्र त्याच्या हातात होतं. बाण अजून धरणाच्या मध्यावर होता.

भिक्खूंचं पठण झालं, पाहुणे जेवायला बसले. यंत्र ताईनं फडताळावर ठेवलं होतं. चिकट भाताची टोपली माझ्यापर्यंत आली आणि फडताळावरून बाई म्हणाली, “तुम्ही पोचला आहात.”

कुत्रा उठून दारातून बाजूला झाला. ताईनं दाजींच्या जागी एक ताट वाढलं. तिला इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. मी टोपली तशीच पुढं सरकवली. तोंड धुवून, तिचा निरोप घेऊन मी घरी निघालो. माझं घर तीन गल्ल्या पुढं.

पहिल्या गल्लीतच थानेतचा फोन आला. “मामा... ते आल्यावर तुम्ही ‘थांबा’ म्हणालात का?”

“आधीच म्हणालो होतो ना, पेटी आणली तेव्हा.”

“तेव्हा ते पाण्यात होते, मामा.” तो थांबला. “बाण परत निघालाय. तुमच्या मागून...”

मी मागं पाहिलं नाही. दाजी ओढत तसल्या केळीच्या पानातल्या विडीचा वास आला, ओला.

पुढं वळण होतं. मी तोंड घट्ट मिटलं होतं. तरी माझ्याच आवाजात, माझ्या पाठीमागून, कुणीतरी हलकेच म्हणालं, “दाजी, उजवीकडे.”