जाळीवालीची मोटर

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडलेलं आहे, आणि ज्यांच्यावर बेतलं ते आमचे दाजी आजही धडधाकट आहेत. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून जातात.

थंडीचे दिवस होते. खाडीच्या मधोमध छोटंसं बेट, त्यावर दाजींचं घर. अजून दिवस मावळला नव्हता, पण धुकं असं दाटलं होतं की अंगणातून धक्काही दिसत नव्हता.

आत माझी भाची बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती.

नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या.

"बाळ आडवं आहे. माझ्याच्याने होणार नाही. पलीकडे दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

दाजी नावाडी. सगळ्या बेटाला पलीकडे नेणारा माणूस. आणि नेमकी त्याच सकाळी त्यांच्या होडीची मोटर जळाली होती.

बाकीच्या होड्या मासेमारीला गेलेल्या, धुक्यात अडकलेल्या. दवाखान्याची लाँच धुकं विरल्याशिवाय निघणार नव्हती. ओहोटी लागलेली. नुसती वल्ही मारत निघालं असतं, तर पाण्याने होडी उघड्या समुद्राकडे ओढली असती.

"अहो, खांबासारखे उभे काय राहिलात?" ताई ओरडली. "जाळीवालीकडे आहे ना मोटर!"

जाळीवाली म्हणजे जाळी विणून पोट भरणारी, शेवटच्या घरातली बाई. आदल्या थंडीत तिचा नवरा एकटाच खाडीत गेला होता. होडी वाहत परत आली.

तो आला नाही. सापडलाही नाही.

दाजी धावत गेले. जाळीवालीने काही न विचारता पडवीतल्या मोटरवरचं गोणपाट काढलं.

जुनी मोटर कशी बघायची, हे मी हाताखालच्या मुलांना नेहमी सांगतो. आधी हात लावायचा. गार हवी. गरम असली तर समजायचं, मालकाने आधीच चालवून तिची खोड लपवली आहे. मग खालचं तेल बघायचं. ते दुधासारखं पांढरं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. मग मोटर पाण्याच्या पिंपात उभी करून चालवायची. तिच्या कडेने पाण्याची बारीक धार सुटली पाहिजे. धार नाही तर मोटर तापून जळणार.

दाजींनी हात लावला.

मोटर... कोमट होती.

"वहिनी, चालवली होतीत का?"

"मी? मला चालवता येत असती, तर तेव्हाच त्यांना शोधायला गेले नसते का?"

दाजींनी तेल बघितलं. स्वच्छ. जणू कालच भरलेलं.

त्यांनी पुन्हा वाकून पंखा फिरवला.

"भाऊजी, मला बघायला आलेल्यांनीसुद्धा एवढं निरखलं नव्हतं," जाळीवाली म्हणाली. "पोर अडली आहे ना? पैशांचं नंतर बघू. उचला."

"भर खाडीत बंद पडली तर पोर आणि बाळ दोघंही जातील, वहिनी."

विहिरीचं पाणी पिंपात भरलेलंच होतं. दाजींनी आपल्या जळक्या मोटरची लाल दोरी खिशातून काढली. या दोरीच्या एका टोकाला चाप असतो. तो मोटरच्या बटणाखाली बसवायचा. दुसऱ्या टोकाचा फास नावाड्याच्या मनगटात. माणूस पाण्यात पडला की चाप निघतो आणि मोटर जागीच थांबते. होडी त्याला सोडून पुढे जात नाही.

"या मोटरची दोरी कुठाय?"

"त्यांच्या हाताला होती," ती म्हणाली. "मोटर थांबली असणार हो. पण त्यांना होडीपर्यंत येता आलं नाही."

पहिल्याच झटक्यात मोटर चालू झाली. धारही सुटली, जोरदार. दाजींच्या ओठांवर तिचे शिंतोडे उडाले.

विहिरीचं गोड पाणी...

खारट लागलं.

दाजी क्षणभर थबकले. तेवढ्यात दाजींच्या घराकडून भाचीची किंकाळी आली.

त्यांनी मोटर बंद करून खांद्यावर घेतली.

होडीत तिघंच. मागे दाजी, पुढे ताई, तिच्या मांडीवर डोकं टेकून भाची. मोटर छान चालत होती. धुक्यात बाकी काही ऐकू येत नव्हतं.

खाडीच्या मध्यावर आल्यावर...

मोटर थांबली.

पेट्रोल संपलं की मोटर आचके देते, खोकते, मग थांबते. ही तशी थांबली नाही. कुणीतरी तोडल्यासारखी थांबली.

चाप निघाला होता.

दाजींनी बसवला. मोटर चालू केली. पुन्हा बंद.

होडी ओहोटीबरोबर सरकू लागली.

"बाबा..." भाची कण्हली. "बाबा, मला मरायचं नाही हो."

तिसऱ्यांदा चाप बसवून दाजींनी त्याच्यावर नजर रोखली. दोरी ढिली होती. त्यांचा हात हलला नव्हता. तरी तो चाप... सावकाश... सरकत बाहेर आला. आणि दोरी पाण्याच्या दिशेने ताठ झाली.

दाजी सांगतात, त्या वेळी भीती वाटायलाही फुरसत नव्हती. त्यांनी मनगटातला फास काढला. चाप पुन्हा बसवला आणि फासाचं टोक पंख्यापासून लांब, कडेने पाण्यात सोडलं.

"धर, भल्या माणसा," ते म्हणाले. "घट्ट धर. तुला नेतो. पण माझ्या लेकीला पोचू दे."

दोरीला हिसका बसला.

चाप निघाला नाही.

होडी मागून खचली. कुणी वजनदार माणूस कडेला लोंबकळावा, तशी. ताईने घाबरून विचारलं, "काय हो झालं?" दाजींनी मोटरला झटका दिला. मोटर चालू झाली, ती थेट पलीकडचा धक्का येईपर्यंत थांबली नाही.

भाची वाचली. बाळही वाचलं. मुलगा.

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं. सकाळी दाजी बेटावर परतले, तेव्हाही होडी मागून जडच होती; बेटाचा धक्का लागला तशी एकदम हलकी झाली. दुपारी ते मोटर द्यायला जाळीवालीकडे गेले. भर दुपारीही दार लोटलेलं होतं. त्यांनी कडी वाजवली. ती दाराच्या फटीत आली. केस विंचरलेले, चेहरा उजळलेला. वर्षभरात कुणी तिला तसं पाहिलं नव्हतं.

"वहिनी, ही मोटर..."

"हळू बोला ना, भाऊजी!" तिने ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

आत खाट करकरली. कुणीतरी कूस बदलली.

दाजींनी मोटर हळूच पडवीत टेकवली.

"तुमचे फार उपकार झाले," ती कुजबुजली. "तेही म्हणत होते. जरा अंगात ऊब आली, की येतो म्हणाले. बाळाला बघायला."

तिने अलगद दार लावून घेतलं.

बाळ आता दुडुदुडु चालतं. शेवटच्या घराचं दार अजून लोटलेलंच असतं. जाळीवाली दोघांपुरतं सामान नेते, कुणी काही विचारत नाही. मी गेल्या महिन्यात ताईकडे राहून आलो. दिवस कलला की दाजी नातवाला उचलून आत आणतात आणि स्वतः कडी लावतात.

अजून तरी कुणी आलेलं नाही.